मामाच्या राघूची चोच

मला पाखरांची किळस आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी मला मुक्या जिवांवर माया करणारा वगैरे ठरवील. पोपट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं हिरवा रंग, लाल चोच आणि गोड बोलणं येतं. त्या लोकांनी कधी पिंजऱ्याखालचा पत्रा खरवडलेला नसतो. चावून लगदा केलेला शेंगदाणा, त्यात मिरचीचं बी, त्यावर हिरवी-पांढरी शीट, आणि सोलापूरच्या उन्हात त्या सगळ्याला सुटलेला आंबूस वास. हा वास नाकात गेल्यावर ज्याला घास गिळता येतो त्यानं पोपटाचं कौतुक करावं. मला नाही जमलं.

राघू माझा नव्हता. घरही माझं नव्हतं. मी मंद्रूपचा. सोलापुरात गिरणीत फिटर म्हणून लागलो तेव्हा मामाच्या घरी राहिलो, आणि पुढं मामाचीच मुलगी केली. आमच्यात ती रीतच आहे. मामाला मुलगा नव्हता. लग्नानंतर दीड वर्षात मामा गेला, घरात मामी, तिची मुलगी म्हणजे माझी बायको आणि मी उरलो, आणि काही न करता मी घरजावई झालो. गावाकडं गेलो की चावडीवर कोणीतरी विचारायचंच, "काय, सासूच्या हातचं लई गोड लागतंय जणू." नव्या पेठेच्या मागच्या बोळात दोन खोल्या आणि पुढं पडवी, एवढं ते घर. पडवीत खुंटीला पिंजरा. लग्नाआधी मला "अरं" म्हणून हाक मारणारी मामी मला हळद लागल्या दिवसापासून "तुमी" म्हणायला लागली होती. जावई ना मी. त्या "तुमी"चा मला फार राग यायचा, पण सांगणार कोणाला. आपलेच दात, आपलेच ओठ.

आता राघूचं बोलणं सांगतो. "विठ्ठल विठ्ठल", "राम राम" असलं त्याला काही येत नव्हतं. त्याला एकच गोष्ट येत होती. मामानं तीस वर्षं गिरणीत काढली होती, कापसाची तूस खाऊन त्याची छाती भरली होती, आणि रोज पहाटे गिरणीचा भोंगा झाला की मामा पडवीत येऊन खाकरायचा. आधी एक लांब घरघर, मग घशातून ओढून काढलेला आवाज, मग थुंकी, मग "हां" असा एक सुस्कारा. राघूनं हे सगळं जसंच्या तसं उचललं होतं. मामा गेला आणि खाकर राहिली. भोंगा झाला की पिंजऱ्यातून मामाचा बेडका पडायचा. बेडका अर्थात नसायचा, पण आवाज इतका ओला असायचा की मी डोळे उघडून जमिनीकडं बघायचो. चहा पिताना ते ऐकलं की मी कप खाली ठेवायचो. मामी मात्र तेवढ्यापुरती चुलीत फुंकायची थांबायची. "हां" झालं की परत फुंकायला लागायची. दोन वर्षं मी हे रोज बघत होतो, आणि मला त्यात फक्त घाण दिसायची.

राघूची नखं कापायचं आणि चोच घासायचं काम माझं. पिंजरा तारेचा, तळाला रॉकेलच्या डब्याचा पत्रा, दांडी गुळगुळीत, चोच घासायला झाडाची साल नाही की दगड नाही. दोन-अडीच महिन्यांत नखं वळून तारेत अडकायची आणि वरची चोच विळ्यासारखी खाली यायची. मामा असताना तो धरायचा आणि मी कापायचो, कारण मी फिटर. मामाच्या मते जो लोखंड घासतो तो काहीही घासतो. नखांना न्हाव्याकडची जुनी नराणी आणि चोचीला गिरणीतून आणलेली बारीक कानस. मामा गेल्यावर बायको धरायला लागली.

पाखरू पंच्यात गुंडाळलं की आधी ते हगतं, हा नियम आहे. तेही गरम. मग त्याचे पाय बाहेर काढायचे. पायाची कातडी खवल्याखवल्यांची, सुकलेली, खवल्यांच्या फटीत वाळलेली शीट. एकेक बोट चिमटीत धरून नख उजेडाकडं करायचं, आतली रक्ताची रेघ कुठवर आली ते बघायचं, आणि तिच्या अलीकडं कापायचं. चोचीचं त्याहून वाईट. तोंड उघडलं की आत ती काळी, जाड, कोरडी जीभ, एखादा मेलेला किडा हलावा तशी हलणारी. टाळूला चिकटलेली जुनी डाळ. कानस चालायला लागली की नख जळाल्यासारखा वास, आणि पांढरी पूड उडून माझ्या मिशीत. गिरणीत मी कोपरापर्यंत काळ्या तेलात हात घालायचो आणि त्याच हातानं भाकरी खायचो, मला काही वाटायचं नाही. पण राघूची चोच घासलेल्या दिवशी मी राखेनं तीनदा हात धुऊनसुद्धा डाव्या हातानं जेवावं की काय असा विचार करायचो.

मग बायकोला दिवस गेले.

आमच्यात बायको पोटुशी असली की नवऱ्यानं केसांना कात्री आणि गालाला वस्तरा लावायचा नाही. मामीनं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं. माझी दाढी वाढली, तिच्यात गिरणीची तूस अडकायला लागली, आणि जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, रोज विचारायचा, कुठल्या मठावर निघाला म्हणून. ते मी सोसलं. पण दोन महिन्यांनी मी नराणी काढली तेव्हा मामीनं ती माझ्या हातातून घेतली आणि ट्रंकेत टाकून कुलूप लावलं.

"राघूला हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "लेकरू हुईपतूर."

"मामी, ती त्याची चोच आहे. माझी दाढी नाही."

"चोच म्हंजी पाखराचा वठच की. पोटातल्या लेकराच्या बापानं जित्या जिवाचा वठ कापायचा म्हंता? समोरची पोरगी बगितली न्हवं तुमी?"

समोरच्या घरात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिचा वरचा ओठ जन्मापासून मधोमध फाटलेला. तिच्या आईनं पोटुशी असताना ग्रहणात वांगं चिरलं, असं सगळी बोळ सांगायची. मुलगी हसरी होती. राघूला मिरची द्यायला यायची, काहीतरी बोलायची, ते नीट कळायचं नाही. बायकोला दिवस गेल्यापासून मामीनं तिला पडवीत येऊ देणं बंद केलं होतं. ती दारातून मिरची फेकायची आणि जायची.

मी म्हणालो, न्हाव्याकडं नेतो, तो कापील. मामी म्हणाली, पाखरू ह्या घरचं, दोष ह्याच घराला. मी म्हणालो, मग सोडून देऊ. ती म्हणाली, उडता येत नाही त्याला, मांजर खाईल, ते तर आणखी वाईट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला तो कारभार होता. पण जावयानं सासूशी किती वाद घालायचा. आणि खरं सांगू का, मला बरंच वाटलं. चार-पाच महिने ती घाण हातात धरायला नको.

सातव्या महिन्यात राघूची चोच गळ्याला टेकायला आली. वरची चोच इतकी वळली की तिचं टोक पिसांत रुतत होतं आणि तिथं एक ओला, लालसर डाग पडला होता. खालची चोच आडवी गेली होती. दाणा त्याला उचलताच येईना. मामी डाळ वाटून बोटानं त्याच्या तोंडात घालायची. निम्मी बाहेर यायची, छातीवर वाळायची, त्यावर माश्या. नखं वळून दांडी धरता येईना म्हणून तो पिंजऱ्याच्या तळाशी आपल्याच शिटेत बसून राहायचा. आणि त्यानं खाकरणं सोडलं.

पहाटे भोंगा व्हायचा. मामी फुंकणी हातात धरून थांबायची. काही यायचं नाही. मग ती परत फुंकायला लागायची. एकदा ती पिंजऱ्यापुढं उभी राहून स्वतःच हळू खाकरली, त्याला आठवण करून द्यावी तशी. त्यानं मान वळवली, एवढंच. नातवाच्या ओठासाठी ती नवऱ्याचा उरलेला आवाज मरू देत होती, हे मला त्या दिवशी नीट समजलं. तरी कुलपाची किल्ली तिनं कमरेची सोडली नाही.

पुढच्या आठवड्यात बायकोनं जेवण टाकलं. मामीला वाटलं, पोटामुळं. मला मात्र तिनं स्पष्ट सांगितलं, "राघू जेवला तर म्या जेवती."

"तुझी आई मला घरातून काढील."

"आवं, त्यो उपाशी मरतोय आन त्येच्या समोर बसून म्या भाकरी मोडू? बाळ काय म्हनंल?"

बाळ काही म्हणणार नव्हतं, पण दोन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही आणि तिसऱ्या दिवशी उठताना तिला भिंत धरावी लागली. माझा संताप संताप झाला. पाखरावर, मामीवर, त्या बोळातल्या ग्रहणावर आणि वांग्यावर. सोमवार होता. मामी दर सोमवारी सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जायची, तिला यायला दोन तास लागायचे. माझी दुसरी पाळी होती. नराणी ट्रंकेत होती, म्हणून मी गिरणीतली पत्रा कापायची लहान कात्री आणि कानस आदल्या दिवशीच धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती.

बायकोला म्हणालो, तू आत बस, मी एकटा करतो. ती म्हणाली, एकट्यानं जमत नाही हे मला ठाऊक आहे. "मीच धरती. पाप लागलं तर दोगांस्नी लागू दे." ती पाटावर बसली, पोटापुढं पंचा पसरला, आणि राघूला उचलून त्यात गुंडाळलं. तो हगलासुद्धा नाही. आतच काही नव्हतं. हातात धरला तर पिसं आणि हाडं. आणि वास. नुसता शिटेचा नाही, सडल्याचा. चोच रुतली होती तिथं पिवळं झालं होतं. मी उठून मोरीत जाऊन ओकून आलो आणि परत बसलो.

नखं आधी घेतली. तिसरं नख जरा आत गेलं आणि रक्ताचा एक थेंब उडून बायकोच्या पोटावर लुगड्याला लागला. मी तुरटी दाबून धरली. तिनं त्या डागाकडं बघितलं, मी बघितलं. तिनं पदर वर ओढून तो झाकला.

मग चोच. कात्रीनं टोक घेतलं, कटकन आवाज झाला, आणि वाकडा, पिवळट तुकडा तिच्या मांडीवर पडला. बाकीची कानशीनं घासत आणली, थोडी थोडी, थांबून थांबून. प्रत्येक वेळी कानस ओढली की तिची घरघर माझ्या दातांत यायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की मी दुसऱ्याच कोणाचा ओठ घासतोय. मी शिकलेला माणूस, इंग्रजी तिसरीपर्यंत गेलेला, इंजिनाचं काम कळणारा. आणि मला तसं वाटत होतं. खालच्या चोचीची बाजू सारखी केली, पिवळं पुसून हळद लावली. तोंड मिटलं तेव्हा दोन्ही टोकं जुळली. बायकोनं भिजवलेली डाळ पुढं केली. तो खायला लागला. तीही उठली आणि परातीतली शिळी भाकरी तिथंच उभ्यानं खायला लागली, हातसुद्धा न धुता. मी तोंड फिरवलं.

कापलेली नखं घरात राहिली की भांडण लागतं म्हणतात. मला भांडणाची भीती नव्हती, पुराव्याची होती. सगळे तुकडे कागदात बांधून खिशात घातले आणि पाळीला गेल्यावर बॉयलरच्या भट्टीत टाकले. दिवसभर खिशाला तो वास येत राहिला.

मामी आली, तिनं पिंजऱ्याकडं बघितलं असणारच. चोच तारेत अडकून तुटली, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही. म्हातारीला आता दिसत नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, राघू गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प. चौथ्या दिवशी भोंगा झाला, मामीचं फुंकणं चालू होतं, आणि पडवीतून लांब घरघर आली. मग ओढ. मग थुंकी. मग "हां". चुलीवरचा आवाज थांबला, तो बराच वेळ थांबलेला राहिला. मी अंथरुणात डोळे मिटून पडून होतो. मग फुंकणी परत सुरू झाली. त्या दिवशीही ती काही बोलली नाही. फक्त सोमवारचं देऊळ तिनं रोजचं केलं आणि एक वेळचं जेवण सोडलं. मला वाटलं, मुलीचं पहिलंच बाळंतपण, म्हणून.

पुढचे दोन महिने माझे कसे गेले ते मला विचारू नका. गिरणीत कानस हातात घेतली की काम सुचायचं नाही. बायकोला विचारायची सोय नव्हती, आम्ही दोघं त्या सोमवारबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. आणि समोरची ती मुलगी रोज दारात यायची, राघू परत मिरची खातोय म्हणून टाळ्या पिटायची, आणि मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळायचो. आधी मी तिच्याशी बोलायचो, तिची वेणी ओढायचो. आता ती दिसली की मी आत जायचो. एवढ्याशा पोरीनं माझं काय वाईट केलं होतं? राघूची किळस मी लपवली नाही कधी, पण ह्या दोन महिन्यांत मला जी किळस आली ती माझी मला आली, आणि ती राखेनं धुता येईना.

बाळंतपण दुपारी झालं. सुईण आणि मामी आत, मी पडवीत पिंजऱ्याखाली. राघू एक शेंग फोडत होता आणि टरफलं माझ्या डोक्यावर टाकत होता. आतून रडणं ऐकू आलं. मी उठलो नाही. बऱ्याच वेळानं मामी बाहेर आली, हात ओले, आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"वठ चांगले हायत," ती म्हणाली.

"कुणाचे?" मी म्हणालो.

"येड घिऊ नगंस. वरचा बी चांगला हाय, खालचा बी. टाळूत बोट घालून बगितलं म्या. समदं सारखं हाय."

हळदीनंतर पहिल्यांदा ती मला "तू" म्हणत होती.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तुजा मामा खाकरला की रं त्या दिशी. तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? दोन महिने मी इथं..." राग आला होता की काय, मला आजही सांगता येत नाही.

ती पिंजऱ्याकडं बघत होती. "काय बोलू? त्यो आवाज आला आन मला लई बरं वाटलं. लेकराचा वठ आटवायच्या आदी बरं वाटलं बग. मंग तुला कुटल्या तोंडानं बोलू? काय वंगाळ झालं तर ते माज्यामुळं झालं, पोरीला आन जावयाला त्येचा बोल नगं, असं रोज देवाला सांगून येत हुते." तिनं पदरानं हात पुसले, मग तोंड पुसलं. "सुवेर फिटलं की त्येची नखं काढ. परत तारंत अडकाय लागलीत. आन ही घे."

तिनं कमरेची ट्रंकेची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि आत गेली. मी डोक्यावरची टरफलं झटकली. मुलगा झाला की मुलगी, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.